हे त्या संध्याकाळी गावात नव्हते : आमच्या अपिलाची हकीकत

माझ्या मिस्टरांची हायकोर्टातून निर्दोष सुटका झाली त्याला आता बराच काळ झाला. तरी अजूनही कुणाच्या ना कुणाच्या ओळखीतून फोन येतो, "वहिनी, आमच्या भावाले शिक्षा झाली, तो तर तिथं नव्हताच, आता काय करावं?" प्रत्येकीला फोनवर सगळं सांगणं होत नाही आणि त्या वेळी समोरचं माणूस ऐकण्याच्या अवस्थेतही नसतं, म्हणून एकदा क्रमानं लिहून ठेवते. मी वकील नाही, बारावी शिकलेली, घरची शेती. आमच्यासोबत जे झालं आणि वकिलांकडून जे समजलं तेवढंच लिहिते.

डिसेंबर २०१५ ची गोष्ट. माझ्या चुलत दिरांचा शेजारच्या शेतवाल्यांशी धुऱ्यावरून (बांधावरून) जुना वाद होता. त्या दिवशी संध्याकाळी सात-सव्वासातला पांदणीत मारामारी झाली आणि एकाला कुऱ्हाड लागली, खांद्यावर आणि हातावर. त्याला खरंच लागलं होतं, त्याचा हात आजही पूर्ण वर जात नाही, हे मी मुद्दाम लिहिते. आमच्यावरचा आरोप खोटा होता म्हणून त्याची जखम खोटी होत नाही.

हे त्या दिवशी पहाटेच पिकअपमध्ये कापूस भरून हिंगणघाटला गेले होते. गावापासून ५०-५५ किलोमीटर, नदी ओलांडून पलीकडे. तेव्हा कापसाचा भाव चार हजारांच्या आसपास होता आणि खेडा खरेदीवाल्यापेक्षा तिथं शंभर-दोनशे जास्त मिळायचे, शिवाय चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, लगेच. हर्रास (लिलाव) झाला, मग जिनिंगमध्ये (कापसाच्या कारखान्यात) गाड्यांची लाईन, आणि गाडी खाली व्हायला पार संध्याकाळ झाली. रिकाम्या गाडीचं वजन झालं ७ वाजून ४२ मिनिटांनी, ही वेळ काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) छापलेली आहे. त्यानंतर हिशेब झाला, यांनी चुकाऱ्याच्या पावतीवर सही केली, पैसे घेतले आणि निघाले. घरी पोचले तेव्हा गावात पोलिसांची गाडी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट झाला त्यात तीन नावं होती, दोन दिरांची आणि तिसरं यांचं. कलम ३०७ आणि ३४, म्हणजे मिळून खुनाचा प्रयत्न. अटक झाली तेव्हा यांनी पोलिसांना सांगितलं की मी गावात नव्हतो, हे पाहा पावत्या. "कोर्टात दाखव," एवढंच उत्तर मिळालं.

माझे बाबा पोस्टातून रिटायर झालेले, त्यांचा कागदावर फार विश्वास. तोंडी सांगितलेल्याला काही अर्थ नाही असं म्हणत जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी साधा अर्ज लिहून घेतला, सोबत काटापट्टी आणि चुकारा पावतीची झेरॉक्स लावली, आणि पोलीस ठाण्याला एक अन् एसपी ऑफिसला एक असा रजिस्टर पोस्टानं पाठवला, पोचपावतीसह. पोचपावतीचं ते कार्ड परत आलं ते बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. पुढं हायकोर्टात आमच्या वकिलांना सगळ्यात जास्त कामी आलं ते हेच कार्ड, कारण "आरोपीने ही गोष्ट नंतर रचली" असं म्हणायला सरकारी बाजूला जागाच उरली नाही. ज्यांची केस आत्ता सुरू आहे त्यांनी बाकी काही नाही तर असा अर्ज आजच पाठवा, पोच घेऊन. आणि मोबाईलच्या लोकेशनचा रेकॉर्ड, जिथं होतो तिथला सीसीटीव्ही, हे जपून ठेवायला लावा म्हणून कोर्टात लगेच अर्ज द्या. सीसीटीव्ही काही दिवसांत पुसला जातो. मोबाईल कंपन्यांना तेव्हा रेकॉर्ड एक वर्षच ठेवावा लागायचा (डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं केलंय). मी त्या संध्याकाळी यांना फोन केला होता, त्यांच्या मोबाईलचं टॉवर हिंगणघाटचंच निघालं असतं, पण खटला उभा राहून कोर्टातून मागणी गेली तोपर्यंत कंपनीकडे काही उरलं नव्हतं.

जामीन काही आठवड्यांत झाला, पण खटला चालायला २०१८ उजाडलं. आमच्याकडून बचावाचे साक्षीदार दोन, पिकअपचा ड्रायव्हर आणि जिनिंगच्या काट्यावरचा माणूस. मार्च २०१९ मध्ये निकाल लागला, तिघांनाही पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार रुपये दंड. यांच्याबद्दल निकालात लिहिलं होतं की काटापट्टीवर गाडीचा नंबर आहे, म्हणजे गाडी तिथं होती, माणूस होता असं सिद्ध होत नाही. काटापट्टी कॉम्प्युटरवरची, तिला ६५-ब चं सर्टिफिकेट (कॉम्प्युटरच्या प्रिंटसोबत लागणारा दाखला) नाही. ड्रायव्हर गावचा, म्हणून आपल्या माणसाच्या बाजूनं बोलतो. चुकाऱ्याच्या पावतीवर तारीख आहे, वेळ नाही. निकाल वाचून झाला आणि तिथूनच यांना आत नेलं. मला त्यांच्या खिशातलं पाकीट आणि घड्याळ हातात देण्यात आलं. मी त्या दिवशी रडले नाही, कारण सासूबाई सोबत होत्या आणि त्यांना सांभाळायचं होतं.

पुढच्या दोन-तीन दिवसांत काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते. कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला तिथल्या तिथं फुकट द्यावी लागते, ती मागून घ्या. नक्कल विभागात अर्ज टाकून सर्टिफाईड कॉपी वेगळी काढा, त्यावर अर्ज कधी केला आणि कॉपी कधी तयार झाली याच्या तारखा असतात आणि तेवढे दिवस मुदतीतून वगळले जातात. सेशन कोर्टाच्या निकालावर हायकोर्टात अपील करायला ६० दिवस मिळतात. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली असेल तर अपील सेशन कोर्टात आणि मुदत फक्त ३० दिवस, इथं खूप लोक गोंधळतात. मुदत गेली तरी उशीर माफीचा अर्ज करता येतो पण कारण पटवून द्यावं लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि माणूस जामिनावर बाहेर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं. आमची पाच वर्षांची, म्हणून थेट नागपूरला हायकोर्टात.

पैशाचं आधी सांगते. तुरुंगात असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बायांनाही नाही. १९८७ च्या कायद्यात तसं आहे. नागपूर हायकोर्टात त्यासाठी विधी सेवा उपसमिती आहे, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि कैद्याला जेलमधूनच जेल अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं. हे आम्हाला उशिरा कळलं, तोवर आम्ही नागपूरचे एक वकील धरले होते. फी ६० हजार, तीन हप्त्यांत. नकला, झेरॉक्स, टायपिंग, एसटीचं भाडं धरून पहिल्या वर्षात ऐंशीच्या वर गेले. माझी पोत सोडून बाकी सोनं गहाण पडलं आणि त्या वर्षी अर्धं वावर ठोक्यानं दिलं. वकील चांगले भेटले हे आमचं नशीब. पहिल्याच भेटीत त्यांनी निकाल बाजूला ठेवला आणि म्हणाले, "निकालात काय लिहिलं ते नंतर वाचू, आधी साक्षीचे कागद द्या." तुम्ही जाल तेव्हा फक्त निकाल घेऊन जाऊ नका. सगळ्या साक्षीदारांच्या साक्षी, उलटतपास, ३१३ चा जबाब (कोर्ट आरोपीला स्वतः विचारतं तो), पंचनामे, दवाखान्याचे कागद, सगळं न्या.

वकालतनाम्यावर यांची सही जेलमध्ये अधिकाऱ्यासमोर व्हावी लागते. मुलाखतीला आधार कार्ड लागतं, आणि लांबून जाणार असाल तर सकाळीच पोचा कारण नंबर लागतो. पहिल्या भेटीत काचेच्या पलीकडून यांनी विचारलं ते पोरांबद्दल नाही, "तुरीला पाणी दिलं का?" असं, मार्चमध्ये, तूर केव्हाच निघून गेली होती. तेव्हा मला कळलं की माणूस आतून किती हलला आहे.

अपील मुदतीत दाखल झालं, सोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज. अपील ॲडमिट झालं आणि खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवलं गेलं. स्थगितीच्या अर्जावर वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा भगवान रामा शिंदे गोसाई हा निकाल दाखवला. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर चालणार नसेल तर शिक्षा स्थगितीचा विचार उदारपणे करावा, असं त्यात आहे. जुलैमध्ये जामीन मंजूर झाला. पण आदेश झाला म्हणजे माणूस घरी आला असं नसतं. हायकोर्टाच्या आदेशाची प्रत सेशन कोर्टात दाखल करायची, दंड भरायचा, २५ हजारांचा जामीनदार उभा करायचा, त्याचा सातबारा आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणायचा, मग कोर्ट सुटकेचा कागद जेलला पाठवतं. माझा भाऊ जामीनदार राहिला. तुमच्याकडे अर्ज पडलेला असेल तर तो चालेपर्यंत थांबू नका, ऐपतीचा दाखला आधीच काढून ठेवा, आमचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

त्यानंतर वाट पाहणं. २०२० मध्ये कोरोना आला, कोर्ट ऑनलाईन झालं, आमच्यासारखी जामिनावरची अपिलं मागं राहिली. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप आहे, त्यात केसचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, मी रोज सकाळी ते पाहायची. गावात या काळात काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. एवढंच की शिक्षा स्थगित होते, दोष कायम असतो, आणि लोक दोषच धरून चालतात.

मधल्या काळात एक गोष्ट झाली. जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाचा अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल हा निकाल आला, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतूनच तो वाद गेला होता. कॉम्प्युटरमधल्या पुराव्याच्या प्रिंटला ६५-ब चं सर्टिफिकेट लागतंच, असं त्यात पक्कं झालं. वकिलांनी फोन करून सांगितलं की आता काटापट्टीचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग कलम ३९१ चा अर्ज, म्हणजे अपिलात जास्तीचा पुरावा घेऊ द्या असा. हा अर्ज सहसा मंजूर होत नाही, खटल्यात राहिलेली उणीव भरून काढायला तो नसतो असं कोर्ट म्हणतं. आमचा मंजूर झाला कारण काटापट्टी नवीन नव्हती, ती पोलिसांना जानेवारी २०१६ मध्येच पोचली होती, कार्ड समोर होतं. हायकोर्टानं सेशन कोर्टाला सांगितलं की हा पुरावा नोंदवून वर पाठवा.

काट्यावरचा तो माणूस तोवर नोकरी सोडून वर्ध्याला गेला होता. मी आणि बाबा त्याच्या घरी गेलो. त्याचा आमचा काही संबंध नाही, जातीचा नाही, गावचा नाही, कोर्टाच्या समन्सवर दिवसाचा रोज बुडवून तो दुसऱ्यांदा आला. सर्टिफिकेट दिलं, जिनिंगची त्या दिवसाची रोकड वहीही मागवली होती, त्यातली नोंद ओळखली. सरकारी वकिलांनी उलटतपासात विचारलं की एवढ्या वर्षांनंतर तुम्हाला हा माणूस आठवतो का. तो म्हणाला, माणूस नाही आठवत साहेब, पण खाली (रिकाम्या) गाडीचं वजन झाल्याबिगर चुकारा होतच नाही, हे रोजचं काम होतं. मला वाटलं, गेलं, हा आठवत नाही म्हणाला. बाहेर आल्यावर आमच्या वकिलांच्या ज्युनिअर मॅडम म्हणाल्या, "ताई, याच्यापेक्षा चांगली साक्ष होऊच शकत नव्हती."

त्याचा अर्थ मला अंतिम सुनावणीत कळला, ऑगस्ट २०२३ मध्ये. काम इंग्रजीत चालतं, मॅडम मागच्या बाकावर बसून मला हळूच सांगत होत्या. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की कापसाचं निव्वळ वजन निघतं. रिकामं वजन ७.४२ ला झालं. चुकाऱ्याच्या पावतीवर तेच निव्वळ वजन किलोपर्यंत लिहिलेलं आहे आणि खाली यांची सही आहे. म्हणजे ती सही ७.४२ च्या आधीची असूच शकत नाही. आणि रोकड वहीत ती रक्कम त्याच रात्रीच्या हिशेबात धरून वही बंद केलेली, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पण नाही. आणि चुकारा तर वजनानंतर लगेच होतो, मग सव्वासातला गावात कुऱ्हाड चालवणारा माणूस पाऊण तासाच्या आत ५०-५५ किलोमीटरवर जाऊन, नदीचा पूल आणि गाड्यांची लाईन ओलांडून सही करू शकत नाही. हे कागद पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये होते, ते एकमेकांना जोडून दाखवायला कुणीतरी बसावं लागलं.

पण फक्त एवढ्यावर अपील उभं नव्हतं, आणि हे मला सगळ्यांना सांगायचं आहे. आपण म्हणतो "तो तिथं नव्हता", तर ते सिद्ध करायचं काम आपलं, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०३ मध्ये तसंच होतं. कलम ११ मध्ये तर १८७२ पासून कलकत्त्याला गुन्हा झाला आणि आरोपी लाहोरला होता असं उदाहरणच दिलेलं होतं. बिनय कुमार सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की हा भार जड असतो. पण त्याच निकालात हेही आहे की आरोपी गुन्ह्याच्या जागी होता हे आधी सरकार पक्षानं सिद्ध करायचं असतं, आपला बचाव कमी पडला म्हणून त्यांचं काम सुटत नाही. आमच्या वकिलांनी म्हणूनच सुरुवात यांच्या तिथं नसण्यापासून केलीच नाही. ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री जखमी माणसानं डॉक्टरला सांगितलं ते रजिस्टरमध्ये होतं, "दोघांनी मारलं". तिसरं नाव आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. डिसेंबरचा अंधार, साक्षीदार म्हणतात टॉर्चच्या उजेडात ओळखलं, तो टॉर्च जप्त नाही. तपास अधिकाऱ्यानं उलटतपासात कबूल केलेलं की रजिस्टर पोस्टाचा अर्ज मिळाला होता पण जिनिंगमध्ये चौकशीला कुणी गेलं नाही. हे सगळं झाल्यावर शेवटी काटापट्टी. १९८१ च्या दूधनाथ पांडे खटल्यातलं एक वाक्यही वाचलं, की बचावाच्या साक्षीदाराला सरकारी साक्षीदाराइतकाच मान द्यायला हवा. ते मॅडमनी मराठीत सांगितलं तेव्हा मला आमचा ड्रायव्हर आठवला, गावचा म्हणून ज्याची साक्ष बाजूला ठेवली होती.

निकाल राखून ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये दिला. हे निर्दोष. दोन्ही दिरांचं अपील वेगळं होतं, त्याबद्दल इथं लिहिणं बरोबर नाही. यांना मी कोर्टातूनच फोन लावला, हे वावरात होते, आवाज कटत होता, तीनदा सांगितल्यावर समजलं आणि मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

निकाल घेऊन आल्यावरही कामं असतात. निकालाची सर्टिफाईड कॉपी काढून एक सेशन कोर्टात आणि एक ठाण्यात दिली, पोच घेतली, कारण चारित्र्याच्या दाखल्यात जुनी शिक्षाच दिसत राहू शकते. सरकारला वर जायचं असेल तर हजर राहू असा सहा महिन्यांचा बॉण्ड द्यावा लागतो, तो दिला होता, त्या काळात मी ॲप पाहणं सोडलं नाही. काही दाखल झालं नाही. दंडाचे पाच हजार परत करण्याचा आदेश निकालातच होता पण ते आपोआप येत नाहीत, सेशन कोर्टात अर्ज करावा लागतो आणि दंड भरल्याची मूळ पावती लागते, ती जपून ठेवा.

१ जुलै २०२४ पासून कायदे बदलले आहेत, त्यामुळे आता नवीन केसवाल्यांना वकील वेगळे नंबर सांगतील. अपिलाचं ३७४ आता नागरिक सुरक्षा संहितेत ४१५ आहे, शिक्षा स्थगितीचं ३८९ ते ४३०. पुरावा कायद्यातलं ११ नवीन साक्ष अधिनियमात ९ झालं, १०३ चं १०६, आणि कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटचं ६५-ब आता ६३ मध्ये आहे. काम तेच आहे. कुणाला नागपूरला जायचं असेल आणि कुठल्या खिडकीवर काय मागायचं ते समजत नसेल तर मला विचारा, संध्याकाळी सातनंतर, दिवसा वावरात रेंज नसते.